ओल्या सिमेंटातली हातोडी : साबातो रोदिया यांचं प्रकरण

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात वॉट्स नावाची वस्ती आहे. तिथे पूर्व १०७व्या रस्त्याच्या टोकाला, जुन्या लोकल रेल्वेच्या मार्गाला लागून एक तिकोनी जागा आहे. एकरभर जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा. तिथे साबातो रोदिया यांनी एकट्याने उभे केलेले सिमेंटचे उंच मनोरे आहेत, 'वॉट्स टॉवर्स'. त्या जागेच्या भिंतींवर, सिमेंट ओलं असताना दाबून उमटवलेले ठसे आहेत. हातोडी आणि हाताखालची इतर अवजारं. मक्याची कणसं. माणसाचे हात. आणि 'एस. आर.' ही दोन अक्षरं.

बांधकामाच्या साइटवर माझी बरीच वर्षं गेली. इमारत पुरी झाली की गवंडी थापी-ओळंबा धुऊन गोणीत भरतो आणि दुसऱ्या साइटला जातो. दर्शनी पाटीवर बिल्डर असतो, आर्किटेक्ट असतो, उद्‌घाटन करणारा असतो. ज्याच्या हाताने भिंत उभी राहिली तो नसतो. त्यामुळे फोटोत ती हातोडी पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिलो. एका मजुराने स्वतःच्या अवजारांची सही केली होती.

एक गोष्ट आधीच सांगतो. साइटवर गवंड्याला, बिगाऱ्याला अरे-तुरे करायची आपल्याकडे रीत आहे. वय बापाएवढं असलं तरी. परदेशी कलावंतांबद्दल लिहितानाही आपण सर्रास 'तो' लिहितो. या लेखात मी साबातो रोदिया यांना अहो-जाहोच करणार आहे.

प्रकरण असं मांडतो. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या लाखो मजुरांपैकी हे एक. लिहिणं-वाचणं बेताचं. मागे डायरी नाही, पत्रांची पेटी नाही. सरकारदरबारी नावसुद्धा धड एक नाही. अशा माणसाचं आयुष्य आठवायचं तर कशाच्या आधाराने? तीन साक्षी हाताशी आहेत: कागद, घरची माणसं आणि काम. तिघींचं म्हणणं एक नाही.

कागद काय सांगतो

जन्म १८७९. गाव रिबोत्तोली, सेरीनो नावाच्या मोठ्या गावाचा हा एक पाडा. नेपल्सच्या पूर्वेला, डोंगरात, आवेल्लीनो प्रांतात. सेरीनोची ओळख पाण्यासाठी. तिथल्या झऱ्यांचं पाणी रोमन लोकांनी दगडी कालव्यातून खाली किनाऱ्याकडे नेलं होतं. १८८४ला नेपल्समध्ये कॉलऱ्याने हाहाकार माजवला, आणि पुढच्याच वर्षी, १८८५ला, सेरीनोचं पाणी नव्या नळयोजनेतून त्या शहरात पोहोचलं. साबातो तेव्हा सहा वर्षांचे होते. गावचं पाणी शहराला गेलं, आणि थोड्याच वर्षांत गावची पोरंही निघाली.

इटली एक देश झाला १८६१ला, पण दक्षिणेच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातून आले ते मुख्यतः कर. दळणावरसुद्धा कर होता. जमीन थोडी, मालक दूर, सक्तीची लष्करी चाकरी. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले, त्यातले बहुतेक दक्षिणेचे. कितीतरी जण चार पैसे गाठीला बांधून परतलेही. इटालियनमध्ये त्यांना ये-जा करणारे पक्षी म्हणत. त्यांना कामाला लावायला 'पाद्रोने' असे. आपल्याकडचा मुकादम जसा उचल देतो, मजुरांची टोळी नेतो आणि मजुरीतून आपला वाटा कापतो, तसाच हा गृहस्थ. भाषा न येणाऱ्या पोराला जहाजावरून उतरल्यावर सगळ्यात आधी भेटणारा माणूस बहुधा हाच असायचा.

साबातो १८९०च्या दशकात, पंधरा वर्षांच्या आसपास असताना, भावाच्या पाठोपाठ निघाले. भाऊ पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत होता. तिथेच अपघातात तो गेला. वीस वर्षंही पुरी न झालेला मुलगा परक्या देशात, भावाशिवाय. या मृत्यूबद्दल कागदावर ओळीपलीकडे काही सापडत नाही, आणि साबातो यांनीही पुढे त्यावर फार बोलल्याचं दिसत नाही. मला वाटतं, या आयुष्याचं वळण इथेच आहे. त्यानंतर ते पश्चिमेकडे सरकत राहिले, खाणींपासून लांब, आणि शेवटी ज्या कामात रमले ते जमिनीवरचं होतं आणि वर जाणारं होतं.

१९०२ला सिॲटलमध्ये लग्न, मग ओकलंड. तीन मुलं. पुढे संसार मोडला. दगडाच्या खाणी, रेल्वेचे रूळ, इमारती, जिथे मिळेल तिथे काम. हळूहळू हातात कसब आलं ते सिमेंटचं आणि लाद्या बसवण्याचं. १९२१ला वॉट्समधली ती तिकोनी जागा घेतली तेव्हा ते ४२ वर्षांचे होते.

नावाचा गोंधळ तर बघा. गावातला साबातो अमेरिकेत 'सॅम' झाला. शेजारीपाजारी कायम सॅमच म्हणत. आडनाव कुठे रोदिया, कुठे रोदेला. १९३७ला एका वृत्तपत्राने 'सायमन रोडिला' असं छापलं, आणि त्यातलं 'सायमन' जगभर चिकटलं. आज स्मारकाच्या पाटीवरही सायमन रोडिया असंच आहे. स्वतःचं नाव दुरुस्त करून घ्यायला ते कुठल्या कचेरीत गेल्याचं दिसत नाही. मजुराचं नाव हजेरीपटावर जसं लिहिलं जातं तसं राहतं, हे ज्यांनी हजेरीपट पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. म्हणूनच मला त्या भिंतीवरच्या अक्षरांचं मोल वाटतं. एस आणि आर. साबातो असो, सॅम असो की सायमन, पहिलं अक्षर तेच राहतं.

काम

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हीच साक्ष सर्वांत भक्कम आहे.

१९२१ ते १९५४. तेहतीस वर्षं. दिवसा पोटासाठी दुसऱ्याच्या घरात लाद्या बसवायच्या, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या जागेत हे. उंची पाच फुटांच्या आतली. एकूण सतरा बांधकामं उभी राहिली. तीन मोठे मनोरे, त्यातला सर्वांत उंच साडेनव्याण्णव फूट. भोवती भिंती, कमानी, छत्र्या, पक्ष्यांना पाणी प्यायची कुंडं, एक जहाज. या सगळ्याला त्यांनी स्पॅनिशमध्ये नाव दिलं 'नुएस्त्रो पुएब्लो', आमचं गाव. शेजार मेक्सिकन होता, कृष्णवर्णीय होता, जपानी होता. इटालियन माणसाने शेजाऱ्यांच्या भाषेत 'आमचं' म्हटलं.

कसं बांधलं ते समजून घेतल्याशिवाय या माणसाची ओळख होत नाही.

सांगाडा लोखंडाचा. सळया, अँगल, पाइप, जे भंगारात मिळेल ते. वाकवायला यंत्र नव्हतं. शेजारच्या रेल्वेमार्गाच्या रुळात सळई अडकवायची आणि अंगाचं वजन टाकून हवी तशी वाकवायची. जोडायला नट-बोल्ट नाही, रिव्हेट नाही, वेल्डिंग नाही. दोन सळया हातभर एकमेकींवर चढवायच्या, तारेने आवळायच्या, वरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी गुंडाळायची आणि त्यात हाताने माल दाबून भरायचा. माल म्हणजे सिमेंट-वाळूचा. तो ओला आहे तोवर फुटक्या बशा, लाद्यांचे तुकडे, शिंपले, आरसे, बाटल्यांच्या काचा वरून बसवायच्या. सेव्हन-अपच्या हिरव्या बाटल्या, मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या निळ्या. आपल्याकडे गच्चीला गळती लागू नये, ऊन कमी लागावं म्हणून चायना मोझॅक करतात. कारखान्यातल्या फुटक्या लाद्यांचे तुकडे मालात ठोकून बसवणारे कारागीर मुंबई-पुण्याला कितीतरी आहेत. रोदिया यांच्या बोटांना हीच सवय होती. तुकडा किती दाबायचा, किती वर ठेवायचा, माल कधी आवळायला लागतो हे त्या माणसांना डोळे मिटून कळतं.

आणि परांची? परांची बांधलीच नाही. खालचं कडं पक्कं झालं की त्यावर उभं राहून वरचं कडं. उंच इमारतींच्या खिडक्या पुसणारे लोक कमरेला जो पट्टा बांधतात, तसला पट्टा. एका हाताशी मालाची बादली, खिशात काचा. मनोरा हीच शिडी. शंभर फुटांपर्यंत.

मदतीला कुणी का घेतलं नाही, असं पुढे त्यांना विचारलं गेलं. दुसऱ्याला काय सांगणार, बऱ्याचदा पुढे काय करायचं ते मलाच ठाऊक नसायचं, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर आहे. हे वाचून काही लोक म्हणतात की हा अडाणी माणूस मनाला येईल तसं करत गेला. मला ते पटत नाही. नकाशा नव्हता, हे खरं. पण दोन उभ्या सळयांना किती अंतरावर आडवं कडं द्यायचं, तिरके अरे कुठे घालायचे, वर जाताना घेर कसा कमी करायचा, हे ठरवणाऱ्या हाताला वजनाची जाण होती. आपल्याकडचा जुना मिस्त्री तुळईकडे बघून सांगतो की ही लचकेल, आणि हिशेब केला की तेच निघतं. रोदिया यांचं ज्ञान त्या जातीचं होतं. आज ज्याला आपण फेरोसिमेंट म्हणतो, बारीक जाळी आणि पातळ माल यांचं ते काम, तेच ते एकट्याने करत होते. लोखंड सगळीकडे विखुरलेलं असतं, त्यामुळे मोठी भेग पडत नाही. एक कडं कमकुवत निघालं तर भार शेजारच्या दहा वाटांनी खाली जातो. पाया दोन फूटही खोल नाही, पण सगळी बांधकामं खालून एकमेकांत गुंतलेली आहेत.

१० मार्च १९३३ रोजी लाँग बीचला भूकंप झाला. तीव्रता ६.४. शंभराहून जास्त माणसं गेली, विटांच्या शाळा कोसळल्या, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियात शाळांच्या बांधकामाचे नियम कडक झाले. वॉट्स तिथून लांब नाही. मनोरे जागचे हलले नाहीत.

त्यांच्या गावापासून थोड्या अंतरावर नोला नावाचं शहर आहे. तिथे दर वर्षी जूनमध्ये संत पाउलिनुस यांचा उत्सव असतो. ऐंशी फुटांच्या आसपास उंचीचे आठ लाकडी मनोरे, त्यांना 'जिल्यो' म्हणतात, आणि सोबत एक जहाज, असं सगळं माणसं खांद्यावर घेऊन गल्लीबोळांतून नाचवतात. संत परदेशातल्या गुलामीतून गावकऱ्यांना सोडवून समुद्रमार्गे घरी घेऊन आले, अशी कथा. २०१३मध्ये युनेस्कोने या उत्सवाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. उंच मनोरे आणि जहाज. वॉट्समध्येही उंच मनोरे आणि जहाज. अभ्यासकांनी हा धागा जोडला आहे. रोदिया यांनी स्वतः तसं सांगून ठेवलेलं नाही, ते जहाजाचं नाव घेताना मार्को पोलोचं घेत. तरीही मला हा धागा खरा वाटतो. आपल्या गावची पालखी, आपल्या गावचा रथ लहानपणी एकदा डोळ्यात बसला की माणूस कुठेही गेला तरी तो मनातून उतरत नाही. परदेशी गेलेली आपली माणसं गणपतीत काय काय उभं करतात ते आपण पाहतोच.

घरची माणसं

आता अवघड साक्ष.

हे मनोरे बांधणाऱ्या माणसाने बायको आणि मुलं सोडली होती. १९१०च्या आसपास संसार संपला. तीन मुलांतली मुलगी लहानपणीच गेली, दोन मुलगे वडिलांशिवाय वाढले. दारूचं व्यसन होतं, ते पुढे सुटलं असं त्यांनीच सांगितलं आहे. वॉट्सच्या घरातही सोबतीला आलेल्या बायका टिकल्या नाहीत. रोज संध्याकाळी नवरा मनोऱ्यावर चढून बसतो आणि मध्यरात्री सिमेंटने माखून खाली उतरतो, अशा घरात कुणी किती दिवस काढावेत?

इटालियन-अमेरिकन घरांत आजोबा, म्हणजे 'नोन्नो', हा मोठा ठेवा असतो. अंगणातल्या अंजिराला थंडीत गोणपाट गुंडाळणारा, तळघरात द्राक्षाची दारू घालणारा, घराची पायरी स्वतः सिमेंटने बांधून देणारा. अशा आजोबांच्या आठवणी कितीतरी कुटुंबांनी जपल्या आहेत. रोदिया यांच्या मुलांच्या वाट्याला तसा बाप आला नाही. वॉट्समधल्या परक्यांच्या पोरांना तो मिळाला: ती पोरं फुटक्या बशा, काचा गोळा करून आणून द्यायची आणि बदल्यात चार पैसे किंवा खाऊ घ्यायची. जाझमधले मोठे संगीतकार चार्ल्स मिंगस याच वस्तीत वाढले. लहानपणी पाहिलेल्या या माणसाबद्दल आणि मनोऱ्यांबद्दल त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. स्वतःच्या मुलांकडून आलेली अशी कुठली आठवण माझ्या वाचनात नाही.

स्मारकांबद्दल लिहिताना ही बाजू एका ओळीत उरकतात. मला ते अन्यायाचं वाटतं. मजुराला आदर द्यायचा म्हणजे त्याला संत करायचं असं नाही. घर सोडलेल्या माणसाच्या मागे कुणीतरी ते घर चालवलं. त्या बाईचे कष्ट कुठल्याही भिंतीवर उमटलेले नाहीत. मनोऱ्यांपुढे उभं राहून मान वर करताना तिचीही आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

प्रकरण कचेरीत जातं

वस्तीतल्या सगळ्यांनाच ते प्रिय नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अफवा उठली की हे मनोरे म्हणजे शत्रूला संदेश पाठवायची यंत्रणा आहे. इटली तेव्हा शत्रुपक्षात होती, त्यामुळे इटालियन माणसावर संशय घ्यायला फार काही लागत नव्हतं. टवाळ पोरं दगड मारून काचा फोडायची. १९५४च्या सुमारास ते मनोऱ्यावरून पडले, तब्येत ढासळली. पंचाहत्तरी आली होती. काम थांबलं. मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली: जागेचे कागद शेजाऱ्याच्या नावे करून दिले आणि उत्तरेकडे मार्टिनेझला, जिथे बहिणीचं कुटुंब राहत होतं, निघून गेले. पुन्हा एकदाही मनोरे बघायला आले नाहीत.

शेजाऱ्याने जागा विकली. घेणाऱ्याचा विचार तिथे खाण्याचं दुकान काढायचा होता. याच काळात आतलं राहतं घर जळालं, आणि १९५७मध्ये शहराच्या इमारत विभागाने सगळंच धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. १९५९ला निकोलस किंग आणि विल्यम कार्टराइट या दोन तरुणांनी तीन हजार डॉलरला ती जागा विकत घेतली. एक नट, दुसरा चित्रपटांच्या संकलनातला. दुरुस्तीचा परवाना मागायला गेले तेव्हा त्यांना कळलं की पाडायचा हुकूम उभा आहे.

इमारत विभागाची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण तशा खुर्चीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. समोर शंभर फूट उंच काहीतरी आहे. नकाशे नाहीत. हिशेब नाहीत. जोड वेल्डिंगचे नाहीत, बोल्टचेही नाहीत. पाया उथळ. बाजूला लोकवस्ती. उद्या वाऱ्याने कोसळलं तर जबाबदार कोण? कागदावरून निकाल द्यायचा तर 'पाडा' हाच निकाल येतो. त्यांची चूक झाली ती दुसरीकडे. कागद नाही म्हणजे ज्ञान नाही, असं त्यांनी धरून चाललं होतं.

सुनावणी झाली. जगभरातून पत्रं आली, कलावंत आणि वास्तुरचनाकार बाजूने उभे राहिले. पण 'सुंदर आहे' एवढ्याने इमारत विभागाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. तिथे पुढे आले बड गोल्डस्टोन. विमान बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे अभियंते. विमानाच्या पंखावर किती भार येईल, तो कुठून कुठे जाईल, हे काढणं त्यांचं रोजचं काम. त्यांनी मनोरे मोजले, हिशेब मांडला आणि म्हणाले, हे उभं राहील. मग सांगून कशाला, लावूनच दाखवू. अट ठरली: सर्वांत उंच मनोऱ्याला बाजूने दहा हजार पौंड, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास, ओढ पाच मिनिटं लावायची. टिकला तर सगळे वाचले. नाही टिकला तर सगळे पाडायचे.

दहा हजार पौंड कुठून आले? वादळी वारा पूर्ण जोराने घातला तर मनोऱ्यावर जेवढी ढकल येईल, तेवढी ती ओढ. पण मनोरा म्हणजे पोकळ जाळी आहे. वारा तिच्यातून बराचसा आरपार जातो. म्हणजे परीक्षा सोपी नव्हती, उलट प्रत्यक्षाहून कडक होती. शिवाय मनोरा तेव्हा काही वर्षं देखभालीशिवाय पडून होता.

१० ऑक्टोबर १९५९, शनिवार. रस्त्यावर लोकांची गर्दी. मनोऱ्याला पट्टे गुंडाळले, तारा बांधल्या, भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. दहा हजारांचा आकडा आला. मनोरा जागचा ढळला नाही. उलट ओढ लावणारं सामानच वाकायला लागलं. परीक्षा थांबवावी लागली. नुकसान म्हणाल तर एक शिंपला गळून पडला.

मी भार-चाचण्या पाहिल्या आहेत, केल्या आहेत. तुळईवर वाळूच्या गोण्या रचत जाताना शेवटच्या थराला सगळे गप्प होतात. त्या दिवशी तिथे नसलेला एकच माणूस होता, ज्याने तो मनोरा हाताने दाबून दाबून भरला होता. ते तेव्हा मार्टिनेझमध्ये होते, ऐंशी वर्षांचे.

नंतर

१९६१ला त्यांना बर्कलीला विद्यापीठातल्या कार्यक्रमात बोलावलं. मनोऱ्यांच्या फोटोंच्या पारदर्शिका पडद्यावर दाखवल्या, आणि हे बांधणारे सद्‌गृहस्थ तुमच्यातच बसले आहेत असं कळल्यावर सभागृह उठून उभं राहिलं. आयुष्यभर ज्यांच्यापुढे टोपी काढून उभं राहावं लागलं असेल, तसे शिकलेले लोक एका लादी बसवणाऱ्यासाठी उभे होते. ते का बांधलं, हे लोक विचारतच राहिले. एकदा त्यांनी सांगितलं होतं की काहीतरी मोठं करायचं मनात होतं आणि मी ते केलं. याहून जास्त फोड करायची गरज त्यांना वाटली नाही, आणि मला त्या वाक्यात काही कमी वाटत नाही.

जुलै १९६५मध्ये ते मार्टिनेझला वारले. महिनाही झाला नव्हता तोच, ११ ऑगस्टला, वॉट्स पेटलं. पोलिसांच्या वागणुकीविरुद्ध सहा दिवस उद्रेक चालला, ३४ माणसं गेली, दुकानांच्या रांगा जळाल्या. मनोऱ्यांना कुणी हात लावला नाही. एव्हाना वस्ती जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय झाली होती, आणि मनोऱ्यांच्या सावलीत मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग सुरू झालेले होते. नोआ प्युरिफॉय आणि जडसन पॉवेल या कलावंतांनी ते उभे केले. उद्रेकानंतर प्युरिफॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी जळक्या ढिगाऱ्यांतून गोळा केलेल्या वस्तूंची शिल्पं केली. टाकून दिलेल्यातून घडवायचं, हे त्या जागेत रोज डोळ्यांसमोर होतं. पुढे बरीच वर्षं जॉन औटरब्रिज यांनी ते कलाकेंद्र सांभाळलं. एका इटालियन मजुराची आठवण कृष्णवर्णीय वस्तीने स्वतःची म्हणून जपली, ही गोष्ट मला मनोऱ्यांच्या उंचीहून मोठी वाटते. 'आमचं गाव' हे नाव त्यांनी खरं करून दाखवलं.

बाकीचा मान क्रमाने येत गेला. १९६३ला शहराच्या वारसा यादीत, १९९०ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंद. बीटल्सच्या १९६७च्या गाजलेल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर जी चेहऱ्यांची गर्दी आहे, तिच्या वरच्या रांगेत रोदियाही आहेत.

पण सिमेंट-लोखंडाच्या कामाला मानपत्राने पुरत नाही. मालाचा थर पातळ आहे, भेगेतून पाणी आत शिरलं की सळई गंजते, गंज फुगतो, वरचा थर सुटतो आणि त्याच्यासोबत एखादी निळी काच खाली येते. रोदिया स्वतः हयातभर असे तुकडे पुन्हा पुन्हा बसवत राहिले होते. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपात नुकसान झालं, दुरुस्ती होऊन जागा लोकांसाठी उघडली ती २००१मध्ये. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञांनी काम हाती घेतलं आणि मनोऱ्यांवर मापनयंत्रं बसवली. तेव्हा दिसलं की उन्हाची बाजू तापते, प्रसरण पावते, आणि मनोरे सूर्याच्या उलट दिशेला अगदी किंचित झुकतात, संध्याकाळी परत येतात. भेगा रोज थोड्या उघडतात, थोड्या मिटतात. म्हणून कडक सिमेंटने भरलेली भेग पुन्हा शेजारीच फुटते, आणि आता तिथे थोडं ताणलं जाणारं मिश्रण भरतात. शिंपला गळला तर तो कुठला, कुठल्या कड्यावरचा, याची नोंद करून जागेवर बसवतात. हे करायला माणसांना वर जावं लागतं. एकही बांबू न बांधता उभ्या राहिलेल्या त्या मनोऱ्यांना दुरुस्तीच्या काळात खालपासून वरपर्यंत परांची बांधलेली असते, आणि हेल्मेट घातलेले कारागीर एका हाताने कडं धरून दुसऱ्या हाताने माल दाबत असतात.